रीत कोणाच्या मालकीची?

मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जो रस्ता जातो त्याला कोपर्निकस मार्ग असे नाव आहे. इंग्रजी अमदानीत तो लिटन रोड होता. दिल्लीतील मराठी माणसाला हा रस्ता वेगळा सांगावा लागत नाही. महाराष्ट्र सदनाची जुनी वास्तू याच रस्त्यावर असल्यामुळे पाहुण्यांच्या उतरण्याच्या व्यवस्थेपासून मंडळाच्या बैठकीपर्यंत नाना कारणांनी आपली पावले तिकडे वळत आलेली आहेत. २०१३ मध्ये कस्तुरबा गांधी मार्गावर नवे सदन उभे राहिले. तरीही नुसते ‘सदन’ म्हटले की जुन्या मंडळींच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते इथलेच. रस्त्याच्या इंडिया गेटकडील टोकाजवळ बडोदा हाऊस आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांसाठी लट्यन्सने आराखडा केलेल्या या वास्तूत उत्तर रेल्वेचे मुख्य कार्यालय आहे. म्हणजे एका रस्त्यावर मराठी माणसाच्या दोन खुणा, आणि पाटीवर मात्र नाव युरोपातल्या एका ज्योतिर्विदाचे!

हा निकोलस कोपर्निकस नेमका कोणाचा, यावर जर्मन आणि पोलिश विद्वानांनी पिढ्यान् पिढ्या वाद घातला आहे. १४७३ मध्ये तो तोरून या शहरात जन्मला. घरची भाषा जर्मन, राजा पोलंडचा, ग्रंथ लिहिला तो लॅटिनमध्ये. माणूस थोर ठरला की त्याच्यावर हक्क सांगणारे वाढतात, याचे हे उत्तम उदाहरण होय. परंतु कोपर्निकसच्या ग्रंथावर मात्र कोणी मालकी सांगितली नाही. १५४३ मध्ये तो छापून निघाला आणि ज्याला वाचता येईल त्याचा झाला. माणूस कोणाचा आणि त्याची विद्या कोणाची, हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी बृहन्महाराष्ट्रातील एखाद्या कर्तबगार मराठी माणसावर लिहावे असे मनात आले, तेव्हा हे दोन्ही प्रश्न ज्याच्या चरित्रात एकदमच उभे राहतात असा एक गणिती डोळ्यांपुढे आला. त्याचे नाव नरेंद्र कृष्ण करमरकर.

करमरकरांचा जन्म ग्वाल्हेरच्या एका मराठी कुटुंबात, १९५० नंतरच्या दशकात झाला. ग्वाल्हेर म्हटल्यावर अधिक काही सांगण्याची गरज नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी कायम केली आणि त्या छावणीचेच ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. सरदार, शिलेदार, फडणीस, भिक्षुक, वैद्य, गवई अशी सारी मराठी मंडळी तिथे रुजली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि आडनावाच्या शेवटी कधी न पाहिलेल्या कोकणातल्या गावाचा ‘कर’, हे त्यांचे जीवन आपल्याला नवे नाही. आपल्यातील कित्येकांच्या घरी आजही तेच चालू आहे. करमरकर मुंबईच्या आय. आय. टी.त शिकले व १९७८ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन अमेरिकेस गेले. १९७९ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची एम. एस. ही पदवी, १९८३ मध्ये बर्कले येथील विद्यापीठाची डॉक्टरेट, आणि पुढे न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत संशोधकाची नोकरी, असा हा क्रम आहे. त्या काळच्या हुशार मुलाचा तो जवळजवळ ठरलेला मार्ग होता. त्यात अद्भुत असे काही नाही. अद्भुत आहे ते पुढे.

तत्पूर्वी त्यांच्या विषयाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे; तेव्हा जे त्याला समजले ते कोणाही वाचकास समजेल, अशी खात्री बाळगावी. संगणकशास्त्रात ज्याला अल्गोरिदम म्हणतात त्याला आपल्या शाळेतील गुरुजींचा जुना शब्द आहे: रीत. त्रैराशिकाची रीत, वर्गमूळ काढण्याची रीत. उत्तर काय ते सांगणे निराळे आणि कोणत्याही आकड्यांसाठी उत्तर हमखास मिळेल अशा पायऱ्या बांधून देणे निराळे. अल्गोरिदम हा शब्दही नवव्या शतकातील बगदादचा गणिती अल् ख्वारिज्मी याच्या नावावरून आला, आणि त्याने आपल्या एका ग्रंथात शिकवली ती हिंदूंच्या अंकांनी हिशेब करण्याची रीत. यंत्र कितीही वेगवान असले तरी रीत वाईट असेल तर त्याचा उपयोग नाही. हे सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही.

बर्कलेला करमरकरांचे मार्गदर्शक होते रिचर्ड कार्प. काही प्रश्न असे असतात की, त्यांवर झटपट रीत सापडण्याची आशाच फार थोडी; अशा एकवीस प्रश्नांची एकमेकांशी असलेली नाती कार्प यांनी १९७२ मध्ये दाखवून दिली होती. त्यांपैकी एका कुळातला प्रश्न आपल्या घरोघरी परिचित आहे. बदलीचा हुकूम आला की लहानमोठे सामान कमीत कमी ट्रंकांत कसे बसवावे, हाच तो प्रश्न! सामान दहा-वीस नगांचे असेल तर गृहिणी तो सहज सोडविते. नग हजारांत गेले की गणितीही हात टेकतात. कार्प आणि करमरकर या गुरुशिष्यांनी १९८२ मध्ये अशी रीत दिली की जिच्यामुळे लागणाऱ्या ट्रंकांची संख्या अगदी कमीत कमी शक्य असलेल्या संख्येपेक्षा फार थोडीच अधिक भरते. विशीत असलेल्या विद्यार्थ्याला एवढेही पुष्कळ झाले असते.

करमरकरांचे नाव झाले ते मात्र दुसऱ्याच प्रश्नाने. त्याला इंग्रजीत लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. येथे ‘प्रोग्रॅम’ म्हणजे संगणकाला दिलेली आज्ञावली नव्हे. अमेरिकन सैन्यदलात पुरवठ्याच्या व प्रशिक्षणाच्या आराखड्यांना हा शब्द वापरीत, तेथून तो आला. एक घरगुती उदाहरण घेऊ. मंडळाने दिवाळीच्या फराळाची विक्री करावयाचे ठरविले. लाडवाच्या किलोला ३०० रुपये खर्च, चिवड्याच्या किलोला १५०. हाताशी रक्कम ३०,००० रुपये. दोन्हींच्या प्रत्येक किलोला कार्यकर्त्यांचा एक तास मोडतो आणि सगळे मिळून तास आहेत १५०. लाडवावर किलोमागे १२० रुपये सुटतात, चिवड्यावर ८०. तर काय किती करावे? नुसते लाडू केले तर शंभर किलो होऊन १२,००० रुपये सुटतील आणि पन्नास तास फुकट जातील. नुसता चिवडा केला तर दीडशे किलो होऊन पुन्हा १२,००० च सुटतील, आणि साडेसात हजार रुपये पेटीत पडून राहतील. पन्नास किलो लाडू आणि शंभर किलो चिवडा केला तर मात्र पैसा व तास दोन्ही पुरते वापरले जाऊन १४,००० रुपये सुटतात. यापेक्षा अधिक सुटणे शक्य नाही.

हेच आलेखाच्या कागदावर मांडले तर एक चौकोन तयार होतो. त्याच्या आत आणि कडांवर सगळ्या शक्य योजना असतात आणि सर्वांत उत्तम योजना त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडते. येथे जिन्नस दोन होते म्हणून आकृती कागदावर मावली. बडोदा हाऊससारख्या कचेरीत किती वाघिणी कोणत्या स्थानकास पाठवाव्यात हा विचार करावयाचा तर जिन्नस हजारांत जातात, आणि चौकोनाच्या जागी असंख्य पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी एक अदृश्य आकृती येते. तिचे कोपरे मोजून संपत नाहीत. सत्तर माणसे व सत्तर जागा असतील तर त्यांच्या नेमणुका किती प्रकारे होतील? एकावर शंभर शून्ये मांडली तरी ती संख्या त्याहून मोठी भरते. बदल्यांची यादी दरवर्षी उशिरा का निघते, याचे हे एक कारण समजावयास हरकत नाही.

या प्रश्नाचा विचार प्रथम केला तो रशियाच्या लिओनिद कांतोरोविचने, १९३९ मध्ये, लेनिनग्राडच्या एका प्लायवुडच्या उद्योगाने यंत्रांवर काम कसे वाटावे असे विचारले तेव्हा. पुढे १९४७ मध्ये अमेरिकन वायुदलाच्या कामात असलेल्या जॉर्ज डँट्झिगने ‘सिंप्लेक्स’ नावाची रीत दिली. तिचे स्वरूप सोपे आहे: हिऱ्याच्या एका कोपऱ्यावर उभे राहावे, कडेकडेने शेजारच्या अधिक चांगल्या कोपऱ्यावर जावे, आणि शेजारचा एकही कोपरा अधिक चांगला राहिला नाही म्हणजे थांबावे. तेलशुद्धीकरण, विमानांची वेळापत्रके, जनावरांचे खाद्य अशा सर्व ठिकाणी ही रीत उत्तम चालली. १९७५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक या विषयासाठी कांतोरोविच व कूपमन्स यांना मिळाले. डँट्झिग वगळला गेला, हे अनेकांना तेव्हा खटकले आणि आजही खटकते.

सिंप्लेक्सच्या रीतीला एक डाग होता. १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी या दोघांनी असे मुद्दाम रचलेले हिरे दाखविले की ज्यांवर ही रीत एकूण एक कोपरा फिरून मगच उत्तरापाशी पोचते. त्या जातीच्या नुसत्या पन्नास जिनसांच्या हिऱ्याला अकराशे लाख कोटींहून अधिक कोपरे असतात. व्यवहारात असे हिरे सहसा भेटत नाहीत, परंतु गणिताला ‘सहसा’ चालत नाही. १९७९ मध्ये सोव्हिएट गणिती खाचियान याने लंबगोलांच्या साहाय्याने हा डाग पुसणारी रीत काढली. प्रश्न वाढला तरी तिचे श्रम हाताबाहेर जात नाहीत हे सिद्ध झाले. न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली आणि वर्तमानपत्री उत्साहात नसलेले दावेही तिला चिकटविले. प्रत्यक्षात खाचियानची रीत कागदावर उत्तम आणि यंत्रावर अतिशय मंद निघाली. तेव्हा परिस्थिती अशी झाली की, जी रीत चालत होती तिची हमी नव्हती, आणि जिची हमी होती ती चालत नव्हती.

या ठिकाणी करमरकर आले. त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांनी फिरणे सोडूनच दिले आणि हिऱ्याच्या आतून वाट काढली. आतून जाण्याची कल्पना सुचणे एक वेळ सोपे. अडचण निराळीच आहे. जुन्या वाड्याच्या चौकात मध्यभागी उभा असलेला माणूस हव्या त्या दिशेला मोठे पाऊल टाकू शकतो, पण भिंतीला खेटून उभा असलेला माणूस पाऊल टाकताच भिंतीवर आपटतो. आतून जाणारी रीत उत्तराच्या जवळ जाऊ लागली की हळूहळू भिंतीला खेटते आणि तिची पावले मुंगीची होतात. करमरकरांनी काय केले, तर प्रत्येक पावलाआधी चौकच बदलला! प्रक्षेपी भूमितीतील एक रूपांतर वापरून त्यांनी आकृती अशी ताणली की आपण उभे असलेला बिंदू तिच्या बरोबर मध्यावर यावा. मग मध्यावरून मोठे पाऊल टाकावे, रूपांतर उलटे फिरवून मूळ आकृतीत यावे, पुन्हा ताणावे, पुन्हा पाऊल टाकावे. चार शतकांपूर्वी कोपर्निकसने पृथ्वीवरून पाहणे सोडून सूर्याला मध्यावर घेतले आणि ग्रहांच्या वाटा सोप्या दिसू लागल्या. हे साम्य ओढूनताणून आणलेले वाटेल, परंतु मला तरी करमरकरांची युक्ती पहिल्याने उमगली ती त्यामुळेच.

१९८४ च्या वसंतात वॉशिंग्टनच्या परिषदेत त्यांनी हा निबंध वाचला आणि त्याच वर्षी ‘कॉम्बिनेटोरिका’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. पानांची संख्या तेवीस. श्रमांचा हिशेब केला तर खाचियानच्या रीतीहून त्यांची रीत जिनसांच्या संख्येच्या अडीचाव्या घाताइतक्या पटीने सरस ठरत होती. म्हणजे शंभर जिनसांच्या प्रश्नाला सुमारे एक लक्ष पट. १९ नोव्हेंबर १९८४ च्या अंकात न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी छापली. ग्वाल्हेरचा मराठी मुलगा तिशीच्या आसपास जगप्रसिद्ध झाला. त्या वर्षाचे लँचेस्टर पारितोषिक आणि १९८८ मध्ये फुलकर्सन पारितोषिक त्यांना मिळाले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. बेल प्रयोगशाळा ही ए. टी. अँड टी. या बलाढ्य टेलिफोन कंपनीची. काही प्रश्नांवर ही नवी रीत सिंप्लेक्सच्या पन्नासपट वेगाने चालते असे सांगण्यात आले. परंतु ती यंत्रावर नेमकी कशी बसविली याचा तपशील बाहेर येईना. इतर गणितींनी निबंधावरून आपापल्या आज्ञावल्या लिहिल्या, त्यांना तो वेग दिसेना, आणि दिसत नाही म्हणून विचारावे तर उत्तर मिळेना. १९८५ मध्ये कंपनीने पेटंटसाठी अर्ज केला आणि मे १९८८ मध्ये ते मंजूर झाले. त्याच वर्षी ‘कॉर्बेक्स’ नावाची संपूर्ण यंत्रणा बाजारात आली. किंमत ८९ लाख डॉलर. अमेरिकन सैन्याच्या हवाई वाहतुकीसारखी मोजकीच गिऱ्हाइके तिला लाभली.

पेटंट यंत्राचे असते, औषधाच्या कृतीचे असते. पण बेरजेच्या रीतीचे पेटंट असते काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच १९७२ मध्ये एका खटल्यात आकडे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेण्याच्या रीतीला पेटंट नाकारले होते. करमरकरांच्या रीतीला ते मिळाले तेव्हा पेटंटचे शीर्षक गणिताचे नव्हते, साधनसामग्रीच्या कार्यक्षम वाटपाच्या पद्धतीचे व उपकरणाचे होते. मसुदा करणाऱ्या वकिलांचे कौतुक केले पाहिजे. आम्ही आयुष्यभर टिपणे लिहिली, पण इतका सोयीचा मथळा क्वचितच साधला! जपानमध्ये कोन्नो हिरोशी या गणितीने त्या पेटंटविरुद्ध कायदेशीर झुंज दिली. विद्वानांनी केवळ रागाने विरोध केला असे नव्हे. १९८६ मध्ये गिल, मरे, साँडर्स, टॉमलिन आणि राइट यांनी दाखवून दिले की, करमरकरांची रीत १९६० नंतरच्या दशकात वापरात असलेल्या एका जुन्या रीतीच्या कुळातली आहे. पुढे असेही ध्यानात आले की, कांतोरोविचचा शिष्य दिकिन याने १९६७ मध्येच आतून जाण्याची एक सरळ रीत रशियन भाषेत छापली होती आणि पश्चिमेत ती कोणी वाचली नव्हती.

यावरून करमरकरांचे काम उसने होते असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. दिकिनने हमी दिली नव्हती. जुन्या रीतीच्या मालकांना ती हमी देण्यासारखी आहे याची कल्पनाही नव्हती. जुन्या सामानातून नवा दिवा पेटला तो १९८४ मध्येच, आणि त्याच्या उजेडात बाकीच्यांना अडगळीतली भांडी दिसली. मात्र दिव्यावर झाकण ठेवण्याचा जो प्रयत्न झाला तो मला योग्य वाटत नाही, आणि त्याचा दोष संशोधकापेक्षा त्या व्यवस्थेकडे अधिक जातो, असे माझे मत आहे. नोकरीत केलेल्या शोधावर मालकाचा हक्क असतो. करमरकर नोकर होते.

ग्वाल्हेरच्या माणसाला ही गोष्ट अनोळखी वाटू नये. हद्दूखाँ-हस्सूखाँ या भावांनी बडे मोहम्मदखाँची गायकी दरबारात पडद्याआड बसून ऐकली आणि उचलली, असे सांगतात. उस्तादाची चीज म्हणजे त्याच्या घराण्याची मिळकत. ती परक्याला द्यावयाची नाही. अशा त्या ग्वाल्हेरहून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून गायकी घेतली आणि महाराष्ट्रात आणली, आणि विष्णु नारायण भातखंडे यांनी तर घराण्याघराण्यांतील चिजा जमवून स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकांत छापूनच टाकल्या. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरलाच संगीत विद्यालय सुरू झाले. उस्तादांचा राग समजण्यासारखा होता, कारण चीज हेच त्यांचे पोट होते. तरीही छापलेल्या चिजांनी गाणे मेले नाही, हे आपण सारे पाहतोच.

गणिताच्या बाबतीत आपल्याकडे याहून जुना दाखला आहे. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे इ. स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील राजाने त्यास दान दिले, असे त्यात नमूद आहे. लेखाचा शेवटचा भाग मराठीत असून बाजारातील मालावर मठासाठी किती हक्क घ्यावा हे त्यात सांगितले आहे. ज्यांना सिद्धांत कळत नव्हता त्या व्यापाऱ्यांच्या भाषेत तो भाग लिहिला, ही त्यातली मौज. रीत वापरणाऱ्याकडून पैसे घ्यावयाचे, की रीत शिकविण्यासाठी गावाने पैसे द्यावयाचे? ए. टी. अँड टी.ने पहिला मार्ग धरला, पाटणने दुसरा.

आपल्या देशाच्या कायद्याने या बाबतीत निःसंदिग्ध भूमिका घेतलेली आहे. १९७० च्या पेटंट अधिनियमात २००२ मध्ये दुरुस्ती होऊन गणिती पद्धती, व्यवसायाच्या पद्धती, निव्वळ संगणक-आज्ञावली आणि अल्गोरिदम यांना पेटंटयोग्य शोध मानू नये असे कलम ३ मध्ये घालण्यात आले. त्या दुरुस्तीचा करमरकरांशी थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. पण अल्गोरिदम हा शब्द भारतीय कायद्यात उमटला, आणि त्या शब्दाच्या मालकीवरून जगात झालेल्या मोठ्या वादांपैकी एक एका भारतीयाच्या शोधावरून झाला होता, एवढे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यथावकाश अमेरिकन पेटंटची मुदत संपली. कॉर्बेक्स तर त्यापूर्वीच विस्मृतीत गेले होते. रीत मात्र वाढत राहिली, आणि तीही मुख्यतः बाहेरच्यांच्या हातून. रशियाच्या नेस्तेरोव्ह व नेमिरोव्हस्की यांनी आतून जाण्याच्या रीतींचा विस्तार सरळ रेषांपलीकडच्या प्रश्नांपर्यंत नेला. सिंप्लेक्सही मेली नाही. उलट स्पर्धेमुळे तिच्या पुरस्कर्त्यांनी तिला इतके घासूनपुसून घेतले की, आजच्या आज्ञावल्यांत दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात. डँट्झिग आणि खाचियान हे दोघे २००५ मध्ये एका पंधरवड्याच्या अंतराने निवर्तले. करमरकरांना २००० मध्ये, आतून जाणाऱ्या रीतींसाठीच, कॅनेलाकिस पुरस्कार देण्यात आला.

ते स्वतः तोवर स्वदेशी परतले होते. १९९८ ते २००५ या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते प्राध्यापक होते. मन गुंतले होते ते पुन्हा प्रक्षेपी भूमितीतच. एका यंत्रात हजारो लहान संगणक एकमेकांना कसे जोडावेत म्हणजे कोणी कोणाची वाट अडवणार नाही, या प्रश्नाला त्यांनी सांत प्रक्षेपी भूमिती लावली होती. १९९१ मध्येच त्यावर त्यांचा निबंध आला होता. या भूमितीत कोणत्याही दोन बिंदूंतून एकच रेषा जाते आणि कोणत्याही दोन रेषा एकाच बिंदूत मिळतात, म्हणून बिंदूंना स्मृतिकोश आणि रेषांना गणनयंत्रे मानले की कामाची वाटणी आपोआप समतोल होते. पुढे टाटा समूहाने पुण्यात जी संगणन-संशोधन कंपनी काढली तिच्या उभारणीत करमरकरांचा वाटा होता. तिचे ‘एका’ हे महासंगणक यंत्र नोव्हेंबर २००७ मध्ये जगातील वेगवान यंत्रांच्या यादीत चौथे आले आणि आशियात पहिले ठरले. खाजगी भांडवलावर, सरकारी अनुदानाशिवाय हे घडले, याची सरकारी नोकराने नोंद करणे अगत्याचे आहे.

करमरकरांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात ‘आपला माणूस’ हा सूर फार. तो चुकीचा नाही. मात्र हक्क सांगताना आपण काय दिले हेही पाहावयास हवे. मुंबईच्या शासकीय खर्चाच्या संस्थेने पदवी दिली, अमेरिकन कंपनीने प्रयोगशाळा दिली, रशियन गणितींनी आधीची वाट दिली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घराने काय दिले ते मोजता येत नाही. आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात मुलांसाठी गणिताचे एखादे कपाट असावे, अशी सूचना कार्यकारिणीपुढे ठेवावीशी वाटते.

करमरकर पदवी घेऊन मुंबईहून निघाले त्या १९७८ सालीच, बाळकृष्णबुवांनी ज्या गावाचे नाव लावले त्या इचलकरंजीत सुभाष खोत यांचा जन्म झाला. तेही मुंबईच्या त्याच आय. आय. टी.त शिकले आणि अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. करमरकरांनी अवघड प्रश्नाला वाट दाखविली. खोतांनी २००२ मध्ये एक अनुमान मांडले, ते खरे ठरले तर कित्येक प्रश्नांची जवळपासची उत्तरेसुद्धा झटपट रीतीने मिळणे अशक्य आहे हे निश्चित होईल. त्यासाठी २०१४ मध्ये सोल येथील जागतिक गणित परिषदेत त्यांना नेवानलिना पारितोषिक मिळाले. ट्रंका भरण्यासारख्या प्रश्नांत मनुष्याने कोठवर आशा धरावी, याची सीमा आखण्याचा हा उद्योग आहे. त्यांचा निबंध कोणालाही वाचता येतो, आणि ते अनुमान सिद्ध किंवा असिद्ध करण्याच्या खटपटीत जगभरचे गणिती अजून गुंतलेले आहेत.